वास्तवाचा वारा लागू न देता मॉडेलिंग कसे शिकवावे

अभिनंदन! यंदा ‘उपयोजित गणित आणि मॉडेलिंग’ हा पेपर तुमच्या गळ्यात पडला आहे. म्हणजे विभागातल्या ज्येष्ठांनी तो आधीच सफाईने चुकवला. पण हातपाय गाळू नका. हा विषय अख्खे सत्र शिकवूनही एकाही विद्यार्थ्याला एकही मॉडेल, म्हणजे खऱ्या जगातल्या प्रश्नाची गणिती मांडणी, बनवू न देणे सहज जमते. मी गेली कित्येक वर्षे जमवतो आहे.

मुख्य पथ्य एकच. वर्गात प्रश्न न्यायचा नाही, समीकरण न्यायचे. प्रश्न नेला की पोरे विचारतात, ‘सर, यात काय धरायचं आणि काय सोडायचं?’ खासगीत सांगतो, सगळा विषय या एवढ्याशा शंकेत आहे. म्हणूनच ती तासाला निघू देऊ नये. पोर्शन राहतो.

भक्ष्य-भक्षकाचे मॉडेल घ्या. त्याच्या मागे एक गोष्ट आहे, आणि ती तुम्हाला ठाऊक असलेली बरी, म्हणजे चुकून तोंडातून निघणार नाही. उंबेर्तो द’अँकोना हा इटालियन जीवशास्त्रज्ञ एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या मासळी बाजारांचे आकडे घेऊन बसला होता. पहिल्या महायुद्धात मासेमारी मंदावली होती. साधा हिशेब सांगतो की सगळ्याच माशांना बरे दिवस यायला हवेत. आकडे मात्र सांगत होते की त्या वर्षांत शार्कसारख्या शिकारी माशांचा वाटा वाढला. असे का, हे त्याने होणाऱ्या सासऱ्यांना विचारले. सासरे होते गणिती व्हिटो व्होल्टेरा. (होणाऱ्या जावयाने शार्कबद्दल विचारावे आणि सासऱ्याने त्यासाठी बदलाचा वेग सांगणारी अवकल समीकरणे मांडावीत, असे घर नशिबाने मिळते.) व्होल्टेराने बाकी सगळे सोडून दिले. लाटा, ऋतू, माशांचे वय, समुद्राची खोली, काही धरले नाही. धरले एवढेच, की भक्ष्य आपोआप वाढते, शिकारी उपाशी मरतो आणि दोघांची गाठ पडली की एकाचे नुकसान ते दुसऱ्याचे पोषण. १९२६ मध्ये छापलेल्या त्या दोन ओळींच्या समीकरणांतून उत्तर निघाले. जाळे दोघांनाही मारते, पण मासेमारी बेताची असेल तर सरासरीत भक्ष्य वाढते आणि शिकारी घटतो. जाळी थांबली की उलटे, शिकाऱ्यांची चंगळ.

हे वर्गात सांगितलेत तर दोन तास जातील. शिवाय मागच्या बाकावरचाही मान वर करून ऐकेल, आणि ती सवय लागली तर पुढे त्रास तुम्हालाच. त्यापेक्षा आल्याआल्या दोन समीकरणे फळ्यावर लिहा, अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा हे धन स्थिरांक आहेत असे म्हणा आणि संतुलनबिंदू, म्हणजे दोघांची संख्या जिथे स्थिर राहते ती जागा, काढायला घ्या. अल्फा कुठून आला, कोणी मोजला, असे कोणी विचारलेच तर ‘दिलेले आहे’ म्हणावे. कोणी दिले? पेपर काढणाऱ्याने. समुद्राचा इथे काय संबंध?

एककांवर वेळ घालवू नका. १९९९ मध्ये मंगळाजवळ पोहोचलेले एक यान गमावले गेले, कारण एका चमूचे आकडे पाउंडात होते आणि दुसऱ्याने ते न्यूटनमधले समजून वापरले. पण ते यान परीक्षेला येत नाही.

अमेरिकेतल्या टॅकोमाच्या झुलत्या पुलाची चित्रफीत मात्र अवश्य दाखवा. ७ नोव्हेंबर १९४०, पूल फडक्यासारखा पिळवटतो, तुटतो, वर्ग खूश. लगेच ‘अनुनाद’ म्हणा, म्हणजे बाहेरच्या जोराचा ठेका पुलाच्या स्वतःच्या ठेक्याशी जुळला, आणि प्रेरित दोलनाचे समीकरण सोडवायला घ्या. एखादी आगाऊ मुलगी विचारेल, ‘सर, समीकरणाच्या उजवीकडे वाऱ्याच्या जोरासाठी तुम्ही कोसाइन घेतला, पण वारा असा ठेका धरून कसा वाहील?’ ती बरोबर आहे. वाऱ्याला ठेका नव्हताच. पुलाच्या पिळण्यामुळेच त्याच्यावरचा हवेचा जोर बदलत होता आणि तो जोर पिळणे आणखी वाढवत होता. कोसाइन बाहेरून आणायची गरजच नव्हती. पण हे कबूल केलेत तर मागच्या दहा वर्षांच्या नोट्स बदलाव्या लागतील. ‘ते पुढच्या वर्गात येईल’ असे सांगा. पुढच्या वर्गात तुम्ही नसता.

लोकसंख्येच्या मॉडेलमध्ये कुठे थांबायचे हे कळणे हीच खरी कला. १९२० मध्ये पर्ल आणि रीड या अमेरिकन संशोधकांनी अमेरिकेच्या जनगणनेचे आकडे घेऊन त्यांतून लॉजिस्टिक वक्र, म्हणजे आधी भराभर चढून मग एका कमाल मर्यादेला टेकणारा वक्र, काढला. बिंदू असे देखणे बसले की बोलायची सोय नाही. वक्राची कमाल मर्यादा निघाली १९ कोटी ७० लाखांच्या आसपास. तुम्ही आलेख तिथेच मिटा, कारण १९७० च्या जनगणनेत अमेरिका २० कोटींच्या पुढे होती. वक्र मागच्या आकड्यांवर चपखल बसला म्हणजे त्यातले गृहीतकही खरे ठरते, ही पोरांची श्रद्धा आहे. कोणाच्या श्रद्धेला हात घालू नये.

संगणक प्रयोगशाळेबद्दल फार लिहीत नाही. सुरुवातीला ‘साधारण वीस’ असा अंदाज भरावा आणि उत्तर दशांशचिन्हापुढे आठ अंकांपर्यंत जर्नलमध्ये उतरवून घ्यावे. आठ अंक दिसले की परीक्षकही हबकतो.

उरला प्रकल्प. चौघांचा गट करा. एक जण काम करतो, दुसरा छापून आणतो, तिसरा सादरीकरणात उभा राहतो, चौथ्याचे नाव असते. मूल्यमापनात ‘मॉडेल कुठे चुकते’ या रकान्याला गुण ठेवू नका. ठेवलेत तर लोक खरेच शोधायला जातात.

मागच्या सत्रात माझ्याकडे असेच झाले. शीतनाचा नियम (वस्तू भोवतालापेक्षा जितकी गरम, तितकी ती झपाट्याने निवते) मी नेहमीप्रमाणे फळ्यावर सोडवला होता. चौथ्या गटातला तो चौथा, ज्याचे फक्त नाव असते, उघड्या पेल्यात जवळजवळ उकळते पाणी घेऊन तासभर दर दोन मिनिटांनी तापमान टिपत बसला. पहिल्या काही नोंदी माझ्या वक्राच्या बऱ्याच खाली. दोन दिवसांनी तो पुन्हा आला. या वेळी पेल्यावर झाकण ठेवले होते आणि नोंदी वक्राच्या पुष्कळ जवळ सरकल्या होत्या. ‘सर, वाफ आपण धरलीच नव्हती,’ तो म्हणाला. असा प्रसंग आला तर चेहरा गंभीर ठेवा. हे अभ्यासक्रमाबाहेरचे आहे असे सांगा, आणि थर्मामीटर भौतिकशास्त्र विभागाचा आहे, तो आधी परत करून ये म्हणा.

मी तसेच सांगितले. तो गेल्यावर दार लावून घेतले आणि त्याची वही पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतली.