‘फॉरमॅट मारून देतो’ या उत्तराविषयी

संगणक संथ चालतो अशी तक्रार घेऊन सोलापुरातील दुरुस्तीच्या दुकानात गेले की ‘फॉरमॅट मारून देतो, डी ड्राइव्हला हात लावणार नाही’ हे उत्तर बहुधा ठरलेले असते, म्हणजे डिस्कचा विंडोज असलेला सी ड्राइव्ह हा भाग पुसून विंडोज नव्याने टाकायचे. विंडोज १० ची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाल्यापासून मला ते अधिकच ऐकू येते. ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने, कोरी टाकणे हा उपाय चांगलाच आहे. परंतु त्यासाठी चालू डिस्क पुसण्याची गरज क्वचितच असते, आणि पुसायचीच झाली तर तो निर्णय ज्याचे काम त्या यंत्रावर चालते त्याने घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

डी ड्राइव्हविषयीचे आश्वासन खरे असले तरी अपुरे आहे. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स हे तिन्ही फोल्डर मूळ मांडणीत सी ड्राइव्हवरच असतात, आणि आपल्याकडे तर सगळा पसारा डेस्कटॉपवरच मांडण्याची रीत आहे. चाटी गल्लीतील कापडाचे दुकान असो वा अक्कलकोट रोडवरील टॉवेलचा कारखाना, हिशेब टॅली या सॉफ्टवेअरमध्ये असतो, पण त्याचा डेटा कोणत्या फोल्डरमध्ये साठतो हे मालकाला ठाऊक नसते. वास्तविक टॅलीत कंपनी निवडण्याच्या पडद्यावरच तो पत्ता दिसतो. शिवाय टॅलीचा परवाना त्या संगणकावर चालू असेल तर डिस्क पुसण्यापूर्वी तो सरेंडर करून (त्या यंत्रावरून सोडवून) घ्यावा, म्हणजे नव्या विंडोजवर तो पुन्हा सुरू करताना खोळंबा होत नाही.

डीटीपी, म्हणजे संगणकावर छपाईची मांडणी, करणाऱ्यांचे दुखणे याहून निराळे आहे. आपल्या शहरात लग्नपत्रिका आणि फलक मराठी, कन्नड, तेलुगू अशा तिन्ही भाषांत छापले जातात, आणि जुनी कामे युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये, म्हणजे रोमन अक्षरांच्या जागी आपली अक्षरे दाखवणाऱ्या जुन्या फॉन्टमध्ये, केलेली असतात. तो फॉन्ट नव्या विंडोजमध्ये नसला की त्याच फाइलमध्ये रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खच दिसतो. मजकूर शाबूत असतो, पण ऐन लग्नसराईत ग्राहक समोर उभा असताना हे कोणाला समजावणार? म्हणून फॉन्टचा फोल्डर, प्रिंटरचे ड्रायव्हर आणि डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचे (यूएसबीला लावायच्या उपकरणाचे) सॉफ्टवेअर आधीच वेगळे काढून ठेवावे. खरे काम एवढेच आहे. पुढची स्थापना तासाभरात उरकते.

दुकानातील पेनड्राइव्हवर ‘अ‍ॅक्टिव्हेटेड’ विंडोज असते, त्याला कोरी स्थापना म्हणणे मला पटत नाही. कोणी, काय बदलून ती प्रत तयार केली हे देणाऱ्यालाही माहीत नसते, आणि तिच्यावर आपण बँकेचे व्यवहार करतो. किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून विंडोज टाकण्यासाठी तो स्वतः तयार करता येतो. विंडोजसह विकत घेतलेल्या लॅपटॉपची की (परवान्याचा क्रमांक) विंडोज ८ च्या काळापासून बहुधा फर्मवेअरमध्येच, म्हणजे यंत्राच्या आतल्या कायमच्या प्रणालीत, नोंदवलेली असते, त्यामुळे तीच आवृत्ती पुन्हा टाकताना की विचारलीही जात नाही.

याहून नाजूक बाब खात्याची आहे. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्या स्थापनेत मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केले की बहुतेक यंत्रांवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) होते आणि तिची ४८ अंकी रिकव्हरी की त्या खात्यात जमा होते. घाईत दुकानातील मुलाने स्वतःचा ईमेल टाकून दिला, तर तुमच्या डिस्कची किल्ली त्याच्याकडे राहते, आणि उद्या मदरबोर्ड बदलल्यावर ती मागण्यासाठी त्याला शोधत फिरावे लागते.

ज्या यंत्रात टीपीएम २.० ही विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा चिप नाही किंवा प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा आहे, त्यावर पळवाट काढून विंडोज ११ टाकून दिले जाते. अशा यंत्राला पुढची अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. घरगुती वापरासाठी विंडोज १० ची वाढीव सुरक्षा अपडेट योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, तोवर ती घ्यावी. नुसते ब्राउझर वापरणाऱ्याने लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम बघायला हरकत नाही.

संथपणाचे मूळ तर बहुतेक वेळा जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमध्ये असते, आणि फॉरमॅटने ती वेगवान होत नाही. अशा वेळी नवी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, घेऊन विंडोज तिच्यावर टाकावे. स्थापनेच्या वेळी जुनी डिस्क केबल काढून बाजूला ठेवावी, कारण दोन्ही जोडलेल्या असल्या तर बूटचा, म्हणजे संगणक सुरू करणारा, भाग कधीकधी जुन्या डिस्कवरच जातो आणि पुढे ती काढली की नवी सुरूच होत नाही. डेस्कटॉप असेल तर यूपीएसशिवाय या कामाला बसू नये, आपली वीज आपल्याला माहीत आहे. नंतर जुन्या डिस्कवरून लागेल तसे सामान सावकाश आणावे, आणि निदान एक जीएसटी विवरणपत्र नव्या डिस्कवरून भरून होईपर्यंत ती पुसू नये.