‘अ‍ॅड्रिनल फटीग’चा मेसेज: रक्तात काय दिसतं, लाळेत काय दिसतं

सकाळी उठल्यापासून गळून गेल्यासारखं वाटतं, दुपारी डोळे मिटतात, खारट खावंसं वाटतं? मग ताणामुळे तुमच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी थकल्या आहेत. हे रक्ताच्या तपासणीत कळत नाही. दिवसातून चार वेळा लाळ तपासा, घरी डोळ्यावर टॉर्च मारून बाहुली बघा, उभं राहिल्यावर बीपी पडतं का बघा आणि ग्रंथींना बळ देणारं सप्लिमेंट सुरू करा. साधारण या आशयाचा मेसेज सगळीकडे फिरतो आहे. त्यातला एकेक मुद्दा घेतो.

‘ताणाने ग्रंथी थकतात.’ मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या या ग्रंथी ताण आला की उलट जास्त कॉर्टिसोल, म्हणजे ताणाला तोंड देणारं हॉर्मोन, बनवतात. जबर ताप, मोठं ऑपरेशन, आयसीयूतला रुग्ण, सगळीकडे ते वाढतं. ‘अ‍ॅड्रिनल फटीग’ हे नाव १९९८ मध्ये अमेरिकेतले निसर्गोपचारक जेम्स विल्सन यांनी रूढ केलं. २०१६ मध्ये ब्राझीलच्या दोन संशोधकांनी या विषयावरचे ५८ अभ्यास तपासले आणि असा आजार असल्याचा पुरावा नाही, असं स्पष्ट लिहिलं. माणसाचा थकवा मात्र खरा असतो. म्हणूनच हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२, झोप आणि नैराश्य यांचा शोध बाजूला पडला की मला राग येतो.

‘रक्तात दिसत नाही.’ मेसेजमधलं सर्वांत घातक वाक्य हेच. अ‍ॅड्रिनल ग्रंथी खरोखर निकामी होतात, त्याला अ‍ॅडिसनचा आजार म्हणतात. थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ मध्ये त्याचं वर्णन केलं. आपल्याकडे क्षयरोग हे त्याचं एक महत्त्वाचं कारण आहे. वजन उतरतं, उलट्या होतात, तळहाताच्या रेषा आणि हिरड्या काळवंडतात, सोडियम घसरतं, पोटॅशियम चढतं. आणि तो रक्तातच पकडला जातो. सकाळी आठच्या सुमाराचं कॉर्टिसोल दर डेसिलिटर (१०० मिलि) रक्तात ३ मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर संशय फार बळावतो, १८ च्या वर असेल तर हा आजार बहुधा नाही. अधलंमधलं आलं तर ग्रंथीला चेतवून बघायचं: या ग्रंथींना कॉर्टिसोल बनवायला सांगणाऱ्या एसीटीएच या हॉर्मोनचं २५० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन द्यायचं आणि अर्ध्या व एक तासाने पुन्हा रक्त घ्यायचं. या तपासणीचं नेहमीचं औषध भारतात सहज मिळत नाही, म्हणून अनेक ठिकाणी दीर्घकाळ टिकणारं एसीटीएच स्नायूत देऊन हीच तपासणी करतात. रुग्णाचं बीपी कोसळत असेल तर रक्त काढून ठेवायचं आणि रिपोर्टची वाट न बघता कॉर्टिसोलची उणीव भरून काढणारं हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम टोचायचं. ‘रक्तात कळत नाही’ हे ऐकून असा रुग्ण घरी बसला तर त्याच्या जिवावर बेततं.

‘चार वेळा लाळ तपासा.’ लाळेची तपासणी खरी आहे, पण ती दुसऱ्याच प्रश्नासाठी. कुशिंग आजारात कॉर्टिसोल वाढलेलं असतं आणि मध्यरात्री ते जेवढं खाली यायला हवं तेवढं येत नाही. म्हणून रात्री अकरा-बाराची लाळ तपासतात. सोबत रात्री १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देऊन सकाळचं कॉर्टिसोल १.८ च्या खाली दबतं का तेही बघतात. दिवसभराचा आलेख ‘थोडा सपाट’ दिसला म्हणून थकव्याचं निदान होत नाही. रात्रपाळी करणाऱ्याचा आलेख तसाही वेगळाच येतो.

टॉर्च आणि बाहुली. यातून अ‍ॅड्रिनलचं निदान होत नाही. उभं राहिल्यावर बीपी पडणं हे अ‍ॅडिसनचं लक्षण आहे खरं, पण अंगातलं पाणी कमी झाल्यावर, बीपीच्या गोळ्यांनी, मधुमेहातही ते पडतं.

‘सप्लिमेंट नैसर्गिक आहे.’ २०१८ मध्ये अमेरिकेत अशी १२ उत्पादनं प्रयोगशाळेत तपासली गेली. बाराही उत्पादनांत थायरॉइडचं हॉर्मोन सापडलं आणि सातांत कोणतं ना कोणतं स्टेरॉइड हॉर्मोन. लेबलवर त्याचा उल्लेख नव्हता. आता साखळी बघा. बाहेरून कॉर्टिसोलसारखं स्टेरॉइड मिळत राहिलं की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच पाठवणं कमी करते आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथी काम सोडून देतात. मग तपासणीत कॉर्टिसोल कमी येतं आणि मेसेज पाठवणारा म्हणतो, बघा, ग्रंथी थकल्याच होत्या! निरोगी ग्रंथी औषधाने निजवून मग आजार ‘सिद्ध’ करायचा, हा लोकांच्या विश्वासाचा घात आहे. आपल्याकडे गोरेपणाची क्रीम, सांधेदुखीच्या पुड्या, दम्यावरचं बिनलेबलचं चूर्ण यांतूनही नकळत स्टेरॉइड पोटात किंवा त्वचेत जातं.

तपासणीला जाताना हे सगळं डॉक्टरांना सांगा. गर्भनिरोधक गोळ्या कॉर्टिसोलचा आकडा वाढवतात, केसांसाठीचं बायोटिन काही मशीनवर खोटा आकडा दाखवतं. रक्त किती वाजता घेतलं ते रिपोर्टवर लिहून घ्या. आणि असलं काही महिनोन्‌महिने घेत असाल तर एकदम बंद करू नका: बाटली घेऊन डॉक्टरांकडे जा, आधी सकाळचं कॉर्टिसोल बघून घ्या, मग डोस कसा उतरवायचा ते ते सांगतील.