मॅजेंटा हे आधी एका गावाचं नाव आहे

आमच्या लॅबमध्ये बेसिक फुक्सिन या रंगाची नवी बाटली आली की ती मीच उघडते. आतली पूड हिरवी असते. सोनकिड्याच्या पाठीवर असतो तसला चकचकीत हिरवा. पाण्याचा थेंब लागला की तीच पूड गर्द गुलाबी-जांभळी होते. हातमोज्याला बारीकसं भोक असेल तर बोट रंगतं आणि साबणाने कितीही घासलं तरी चार दिवस डाग हटत नाही.

परवा ट्रेनिंगला आलेल्या मुलीने विचारलं, "मॅडम, पुस्तकात याला मॅजेंटापण म्हटलंय. तो तर प्रिंटरमध्ये असतो ना?" प्रिंटरमधलं रसायन आज वेगळं आहे, नाव तेवढं तेच, एवढं तिला सांगितलं. पुढचं सांगणार तेवढ्यात पेशंट आले. म्हणून उरलेलं इथे लिहितेय, कारण हे नाव मला गेली कित्येक वर्षं सतावतंय.

मॅजेंटा हे इटलीतलं गाव. मिलानच्या पश्चिमेला, तिचीनो नदीच्या अलीकडे. ४ जून १८५९ ला तिथे तिसऱ्या नेपोलियनचं फ्रेंच सैन्य आणि ऑस्ट्रियाचं सैन्य एकमेकांना भिडलं. फ्रेंचांच्या बाजूला सार्डिनियाचं राज्य होतं आणि ऑस्ट्रियाला उत्तर इटलीतून हटवायचं होतं. आधी कालव्यावरच्या पुलांसाठी झुंज झाली, मग गावात, रेल्वे स्टेशनाजवळ, घराघरात. मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून आकडा दहा हजारांच्या वर जातो. ऑस्ट्रियाने माघार घेतली. फ्रेंच सेनापती मॅकमहोन (आपल्या मॅकमहोन रेषेचा तो हा नव्हे) 'ड्यूक ऑफ मॅजेंटा' झाला आणि १८७३ मध्ये फ्रान्सचा राष्ट्राध्यक्षही. शिपायांची हाडं त्याच गावात एका स्मारकाखाली एकत्र ठेवलेली आहेत.

आता रंगाचं. रक्तासारखा म्हणून त्याला रणभूमीचं नाव दिलं, असं पुष्कळ जण सांगतात. मला ते पटत नाही. हा रंग फ्रान्समध्ये व्हर्गँ नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने लढाईच्या आधीच तयार केला होता आणि लिऑनच्या रेनार बंधूंनी तो 'फुक्सिन' नावाने बाजारात आणला होता. फ्युशियाच्या फुलावरून. पुढे इंग्लंडमध्येही असा रंग बनू लागला, आणि तेव्हा त्या विजयाचं नाव लोकांच्या तोंडी होतं. गाजलेल्या बातमीचं नाव मालाला लावलं की माल खपतो. त्या नावामागे मेलेल्यांची आठवण होती असं मला तरी दिसत नाही.

मग हे नाव जिकडे तिकडे गेलं. पॅरिसमध्ये बुलवार द मॅजेंटा नावाचा मोठा रस्ता आहे, आणि गार द्यू नॉर स्टेशनाला लागूनच जमिनीखाली मॅजेंटा नावाचं स्टेशन. तिकडे प्रशांत महासागरात, न्यू कॅलेडोनियातल्या नूमेआ शहराचा देशांतर्गत विमानतळही मॅजेंटाच. फ्रेंच नौदलाची मॅजेंटा नावाची चिलखती युद्धनौका १८७५ मध्ये तूलाँ बंदरात आग लागून, स्फोट होऊन बुडाली. तिच्यावर ट्युनिशियातून आणलेले प्राचीन कार्थेजचे कोरीव दगड होते, तेही तळाला गेले.

इटलीचंही एक जहाज होतं, मॅजेंटाच. १८६५ ते १८६८ या काळात ते जगाला फेरी मारून आलं. वाटेत जपान आणि चीनशी इटलीचे करार झाले. २२ जुलै १८६७ ला दक्षिण प्रशांत महासागरात त्या जहाजावरच्या शास्त्रज्ञांनी एक समुद्रपक्षी मारून घेतला. त्याच्या शास्त्रीय नावात जहाजाचं नाव आलं, टेरोड्रोमा मॅजेंटी. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षं हा पक्षी कोणा शास्त्रज्ञाच्या हाती लागला नाही. १ जानेवारी १९७८ ला न्यूझीलंडच्या चॅटम बेटावर डेव्हिड क्रॉकेट यांनी तो पुन्हा शोधून काढला. तिथल्या मोरिओरी लोकांना तो पूर्वीपासून माहीत होता. त्यांच्या जुन्या उकिरड्यांत त्याची हाडं सापडतात. आज तो जगातल्या सर्वांत दुर्मिळ समुद्रपक्ष्यांमध्ये गणला जातो. तिथे त्याला ताइको म्हणतात. माझं स्पष्ट मत आहे, त्याला ताइकोच म्हणावं. ज्या गावाच्या आसपासही तो कधी उडाला नाही, त्या गावाचं नाव त्याने का वागवायचं?

रंगाच्या कारखान्यांबद्दल मात्र मला राग येतो. हा रंग तेव्हा आर्सेनिक आम्ल वापरून बनवत. रेशमी झगे कोणी घातले आणि त्या वाफा कोणी हुंगल्या? १८९५ मध्ये फ्रँकफर्टच्या लुडविग रेन नावाच्या सर्जनने फुक्सिन बनवणाऱ्या कामगारांमध्ये मूत्राशयाचा कॅन्सर दिसतो, हे मांडलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने मॅजेंटाचं उत्पादन माणसाला कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या यादीत घातलंय. त्या गावाचं नाव अशा यादीतसुद्धा जाऊन बसलंय.

पानिपत हेही गावाचंच नाव. पण मराठीत 'निवडणुकीत पानिपत झालं' म्हटलं की अडीचशेहून अधिक वर्षांनीही शब्दात हानी ऐकू येते. मोत्ये गळाली, मोहरा हरवल्या आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, हे त्या एका शब्दाला चिकटून आहे. आपण हरलो होतो म्हणून ते राहिलं असेल. मॅजेंटा जिंकणाऱ्यांनी वाटला, म्हणून साडीच्या दुकानात 'ताई, यात मॅजेंटा दाखवू का?' एवढंच उरलं. खुर्दा पार पुसला गेला.

म्हणून मला वाटतं, लॅबच्या कोर्सला झेड-एन स्टेन, म्हणजे क्षयाचे जंतू रंगवून पाहायची पद्धत, शिकवताना पाच मिनिटं या नावासाठी द्यावीत. पुढे आयुष्यभर हा रंग हाताळणाऱ्यांना तो कुठून आला आणि बनवताना कोणाला काय भोगावं लागलं, हे माहीत असायला हवं.

दुपारी त्या मुलीने माझ्यासमोर पहिली स्लाइड केली. बेडक्याचा पातळ थर वाळवून, ज्योतीवरून फिरवून घट्ट केला. वर कार्बोल फुक्सिन, म्हणजे फिनॉल घातलेलं फुक्सिन ओतलं, खालून आच दिली. वाफ निघाली पाहिजे, उकळी येता कामा नये, आणि तिने ते नीट सांभाळलं. फिनॉलचा वास खोलीभर झाला. मग पाण्याने धुणं, आम्ल, शेवटी मिथिलिन ब्लू. आम्लाने बाकी सगळ्याचा रंग उतरतो. क्षयाच्या जंतूवर मेणासारखं आवरण असतं, त्यामुळे त्याने धरलेला रंग तो सोडत नाही.

तेलाचा थेंब टाकून तिने भिंगाला डोळा लावला. बराच वेळ ती काही बोलली नाही. निळ्या पार्श्वभूमीवर बारीक गुलाबी काड्या, दोन-तीन एकमेकींना टेकलेल्या. मी पाहून खात्री केली. पेशंट बाहेर बाकावर बसला होता, विशी-बाविशीचा. रजिस्टरमध्ये पॉझिटिव्ह निकाल तांबड्या शाईने लिहायचा असतो. तिने पेन मागितलं, मी खिशातलं काढून दिलं.