क्लाउनफिश लेदर कोरलमध्ये का झोपतात: एका प्रतिक्रियेला उत्तर

'मत्स्यप्रेमी, नाशिकरोड' या नावाने आलेली प्रतिक्रिया काहींनी वाचली असेल. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: माझ्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधली ऑसेलॅरिस क्लाउनची (नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाउनफिशची) जोडी लेदर कोरल या मऊ प्रवाळात मुक्कामाला गेली, हे मी कौतुकाने लिहिलं होतं. त्यावर त्यांचं म्हणणं असं, की हक्काचा सोबती म्हणजे ॲनिमोन (तळाला चिकटून राहणारा, डंख मारणाऱ्या शुंडकांचा समुद्रजीव) मिळाला नाही म्हणून मासे नाइलाजाने कोरलला बिलगतात आणि त्यात कोरलचे हाल होतात. मी ताबडतोब बबल टिप ॲनिमोन आणावा, आणि मुळात कोरल घरात ठेवणं कायद्यात बसतं का, तेही सांगावं.

नमस्कार. तुमची भाषा कडक आहे, पण मुद्दे विचार करून मांडलेले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कायद्याचं आधी, कारण ते लवकर उरकेल. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत 2001 पासून रीफ बांधणारे सगळे कठीण प्रवाळ आहेत. शिवाय काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे. टॉर्च, हॅमर, फ्रॉगस्पॉन ही कोरल दिसायला कितीही लुसलुशीत असले तरी खाली चुन्याचा सांगाडा असतो, म्हणजे तेही कठीणच. परदेशी व्हिडिओंत क्लाउन ज्या टॉर्चमध्ये लोळताना दिसतात तो माझ्याकडे म्हणूनच नाही, आणि कुणी 'छोटासा फ्रॅग (तुकडा) आहे, गुपचूप न्या' म्हणालं तरी आणणार नाही. लेदर कोरल, म्हणजे सार्कोफायटन, या यादीत येत नाही.

आता हक्काच्या सोबत्याचं. क्लाउनफिशच्या तीसेक जाती आहेत आणि निसर्गात त्यांना आसरा देणारे ॲनिमोन दहाच जातींचे. त्यातही प्रत्येकाचं घर ठरलेलं. मरून क्लाउन बबल टिपशिवाय कुठे राहत नाही, क्लार्काय जातीच्या क्लाउनला दहाही चालतात. ऑसेलॅरिसचे नोंदलेले यजमान तीन: हेटरॅक्टिस मॅग्निफिका, आणि स्टिकोडॅक्टिला वंशातले जायगँशिया व मर्टेन्साय हे दोन गालिचा ॲनिमोन. बबल टिप या तिघांत नाही! टँकमध्ये ऑसेलॅरिस त्यात शिरतात, अगदी खुशीने शिरतात, पण निसर्गाचाच दाखला द्यायचा तर बबल टिप माझ्या लेदर कोरलइतकाच परका ठरतो. आणि त्या तिघांपैकी एखादा आणावा म्हटलं, तर मॅग्निफिका टिकवणं मुरलेल्या लोकांनाही जड जातं आणि गालिचा ॲनिमोन हाताशी आलेला मासा गिळतो. दुसरीकडे, कोरलपाशी राहणं हे केवळ काचेच्या पेटीतलं खूळ आहे असंही नाही. खुल्या समुद्रात एक क्लार्काय मऊ कोरलच्या सोबतीने दीर्घकाळ राहिल्याची नोंद 'कोरल रीफ्स' या नियतकालिकात 2005 साली आली आहे. अपवाद आहे, मान्य. पण तिथे काही कुणी त्याला कोंडलेलं नव्हतं.

'नाइलाजाने' हे मात्र मला अजिबात पटलं नाही. समुद्रात क्लाउनला ॲनिमोन लागतो कारण तो पोहायला मंद आहे आणि उघड्यावर सापडला तर कुणीही मटकावेल. माझ्या टँकमध्ये त्याला खाणारं कुणी नाही. शिवाय ही जोडी हॅचरीत जन्मलेली. (आपल्याकडे सीएमएफआरआय या केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनच्या पैदाशीचं तंत्र केव्हाच बसवलंय, तेव्हा समुद्रातून पकडलेले मासे विकत घ्यायचं काही कारण उरलेलं नाही.) ऑसेलॅरिसची पिल्लं जवळच्या यजमानाचा वास अंड्यात असतानाच ओळखीचा करून घेतात, असं 1996 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं होतं. हॅचरीतली अंडी बहुतेक वेळा फरशीच्या तुकड्यावर नाहीतर मातीच्या कुंडीवर घातलेली असतात. अशा माशाला ॲनिमोनची ओढ लागलीय म्हणणं, म्हणजे इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या पोराला पंचवटीतल्या वाड्याची आठवण येते म्हणण्यासारखं आहे. टेकायला काहीतरी हवं, ही सवय त्याच्या अंगातच असते. ते काहीतरी काय, हे टँकमध्ये जे असेल त्यावर ठरतं. म्हणून कुणाकडे क्लाउन हीटरला चिकटतो, कुणाकडे शेवाळाच्या झुपक्यात बसतो, कुणाकडे वेव्हमेकरच्या (पाणी हलवणाऱ्या पंपाच्या) मागचा कोपरा सोडत नाही. माझ्याकडे मादी आधी गेली, नर तिच्या मागून. क्लाउनमध्ये मोठी असते ती मादी, आणि घरात चालतं तिचंच.

कोरलच्या हालांबद्दल मात्र तुमच्याशी वाद नाही, उलट हा मुद्दा पहिला यायला हवा होता. ॲनिमोनला माशाचं अंग घासण्याची सवय असते, कोरलला नसते. सतत धक्के बसले की पॉलिप (कोरलची फुलासारखी इवली तोंडं) मिटतात, आणि मिटलेल्या भागाला प्रकाश कमी मिळतो. लेदर कोरलचं पोट मुख्यतः अंगातल्या शैवालावर चालतं, त्यामुळे हे बरेच दिवस चाललं तर तो भाग खंगतो. अडचण अशी, की लेदर कोरल मासा नसतानाही अधूनमधून मिटतो, अंगावर मेणचट पापुद्रा धरतो आणि काही दिवसांनी तो टाकून पुन्हा फुलतो. नवखा माणूस इथेच फसतो: एक तर उगाच घाबरतो, नाहीतर खरंच बिघडलेलं असताना 'कात टाकतोय' म्हणून बसून राहतो. मी पापुद्र्यावरून काही ठरवत नाही, कोरलच्या छत्रीसारख्या टोपीचा काठ बघते. काठ काळसर पडून झिजायला लागला, भोकं पडली किंवा दांडा लुळा पडला, तर मासे बाजूला करायचे. प्लॅस्टिकच्या चौकटी जाळीचा कुंपणासारखा तुकडा कोरलभोवती लावला की काम होतं. सध्या मादी झोपते त्या बाजूचे पॉलिप कमी उघडतात, बाकी टोपी चांगली फुललेली असते. इतकं मला चालतं, तुम्हाला चालणार नाही कदाचित. आणखी एक: क्लाउन तोंडातला घास आणून यजमानावर टाकतो. ॲनिमोन तो खातो, लेदर कोरलवर तो कुजत पडतो. म्हणून मी खाणं टँकच्या दुसऱ्या टोकाला टाकते.

राहिला तुमचा उपाय. ॲनिमोन एका जागी बसेल याची खात्री नसते. जागा आवडली नाही तर तो चालायला लागतो, वाटेतल्या कोरलना डंख मारतो आणि पंपात ओढला गेला तर सगळं पाणी नासवतो. त्यात आपलं नाशिक. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं आणि आरओचा टॉप-अप (गोड्या पाण्याची भर) चुकला की खारटपणा चढतो. डिसेंबर-जानेवारीत रात्री दहा अंशांच्या खाली उतरतात. चिलर आणि हीटर दोन्ही हवेत, आणि भर उन्हात लाईट गेली तर चिलर चालवणं घरच्या साध्या इन्व्हर्टरचं काम नाही. कोरल असा एखादा दिवस मिटून काढेलही, ॲनिमोनचा भरवसा मी देणार नाही. दुकानात जे पांढरेशुभ्र ॲनिमोन 'रेअर' म्हणून दाखवतात ते बहुधा अंगातलं शैवाल गमावलेले, अर्धमेले असतात. असा यजमान माशालाही सुखाचा नसतो: 2016 च्या उष्णतेनंतर पॅसिफिकमधल्या मूरिआ बेटाजवळ पांढऱ्या पडलेल्या ॲनिमोनमधल्या क्लाउनची प्रजननक्षमता 73 टक्क्यांनी घटलेली आढळली होती.

तेव्हा मी ॲनिमोन आणत नाहीये. तुम्हाला आणायचाच असेल तर पाऊस सुरू होऊन हवा उतरू द्या, टँक जुना आणि स्थिर असू द्या, तपकिरी रंगाचा, पाय न फाटलेला बघून घ्या, आणि तो पाण्यात सोडण्याआधी वेव्हमेकरला जाळी लावा.