मालकाचं उत्तर : "साधं मलम मागितलं, तर हॉस्पिटलात पाठवलं"

नमस्कार.

आमच्या मेडिकलबद्दल तुम्ही टाकलेल्या रिव्ह्यूला उत्तर मीच देतो, कारण त्या संध्याकाळी काउंटरवर मी होतो. वाचणाऱ्यांना संदर्भ कळावा म्हणून तुम्ही लिहिलंय तेवढंच थोडक्यात पुन्हा मांडतो. त्यापलीकडचा आजारपणाचा तपशील इथे उघड करणार नाही, तो तुमच्या घरचा विषय आहे. वडिलांना चेहऱ्यातल्या नसेच्या दुखण्यासाठी कार्बामाझेपिन सुरू होऊन पंधरा दिवस झाले होते. अंगावर पुरळ उठलं, ताप आला, डोळ्यांची आग व्हायला लागली. तुम्ही सेट्रिझिन ही ॲलर्जीची गोळी आणि कॅलामाइन हे खाजेवर लावायचं औषध मागायला आलात. आम्ही प्रश्नांची सरबत्ती केली, दोन्ही द्यायला नकार दिला आणि त्यांना लगेच हॉस्पिटलात न्या म्हणालो. तिथे गोळी बंद केली, दोन दिवस ठेवून घेतलं आणि "विशेष काही निघालं नाही". म्हणून एक तारा, शिवाय दोन टोले : मेडिकलवाल्याला डॉक्टरांपेक्षा जास्त कळतं का, आणि यांचं हॉस्पिटलशी साटंलोटं असणार.

साटंलोट्याचं आधी उरकतो. आम्ही कुठल्याही हॉस्पिटलचं नाव घेतलं नव्हतं. जवळचं असावं आणि रुग्णाला भरती करून घेणारं असावं, एवढंच म्हटलं होतं. एक गोळी आणि एक बाटली न विकण्यात दुकानाचा काय फायदा, ते तुम्हीच ठरवा.

मला बोलायचंय ते तुमच्या एका वाक्याबद्दल. तुम्ही लिहिलंय, "ॲलर्जी असती तर पहिल्याच दिवशी दिसली असती, गोळी पंधरा दिवस व्यवस्थित चालली होती." असं म्हणणारे तुम्ही एकटे नाही, काउंटरवर आम्ही हे सतत ऐकतो. पण नेमकं ते पंधरा दिवस ऐकूनच मी सेट्रिझिनची स्ट्रिप परत ठेवली.

लोकांना माहीत असते ती झटपट येणारी ॲलर्जी. औषध पोटात किंवा रक्तात गेल्यावर काही मिनिटांत, फार तर तास-दोन तासांत गांधी उठतात, ओठ-जीभ सुजते, दम लागतो, रक्तदाब कोसळतो. हिला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. (तिथेही सेट्रिझिनवर भिस्त ठेवायची नसते. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत ॲड्रिनलिनचं इंजेक्शन हाच पहिला उपाय.) दुसरी जात सावकाश येते. तिच्यात शरीराच्या संरक्षक पेशी औषधाविरुद्ध तयार व्हायला वेळ घेतात, त्यामुळे पहिले काही दिवस काहीच दिसत नाही. कातडी सोलवटणारा स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम हा घातक आजार बहुतेक वेळा औषध सुरू झाल्यापासून ४ ते २८ दिवसांत दिसतो. यकृत, मूत्रपिंड अशा आतल्या अवयवांवर जाणारी ड्रेस नावाची प्रतिक्रिया आणखी उशिरा, २ ते ८ आठवड्यांत येते. म्हणजे पंधरावा दिवस ऐन धोक्याच्या काळातला. आणि या प्रतिक्रिया घडवणाऱ्या औषधांच्या यादीत कार्बामाझेपिन अगदी वर आहे. फिटवरची फेनिटॉइन आणि लॅमोट्रिजिन, युरिक ॲसिडसाठीचं ॲलोप्युरिनॉल, सल्फाची औषधं हीसुद्धा त्याच यादीतली.

आता त्या सरबत्तीबद्दल. पुरळ खाजतंय की दुखतंय, हे विचारलं कारण पित्ताच्या गांधी खाजतात आणि एक गांध साधारण दिवसभरात विरते. कातडी हुळहुळत असेल, हात लावू देत नसेल, डाग काळपट पडत असतील किंवा फोड धरत असतील, तर प्रकरण वेगळं असतं. तोंडात फोड आहेत का, डोळे लाल आहेत का, लघवीला आग होते का, हे विचारलं कारण स्टीव्हन्स-जॉन्सनमध्ये कातडीबरोबर तोंड, डोळे आणि गुप्तांगाचं आतलं नाजूक अस्तरही सोलवटतं, आणि कित्येकदा ताप व डोळ्यांची आग पुरळाच्या आधीच सुरू होते. आजार वाढला तर भाजल्यासारखी कातडी सुटत जाते. शरीराच्या १० टक्क्यांहून कमी भागाची सुटली तर स्टीव्हन्स-जॉन्सन, ३० टक्क्यांच्या वर गेली तर टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस. या दुसऱ्या प्रकारात साधारण तिघांतला एक दगावतो. वाचलेल्यांपैकी काहींच्या डोळ्यांना कायमची इजा होते.

तुमच्या वडिलांना हेच झालं होतं, असं मी तेव्हाही म्हटलं नव्हतं, आताही म्हणत नाही. औषधाने उठणारी बहुतेक पुरळं साधीच असतात. पण साधं कोणतं आणि घातक कोणतं, हे सुरुवातीला काउंटरवरून ओळखता येत नाही. ते डॉक्टरांनी कातडी, तोंड, डोळे बघून आणि रक्त तपासून ठरवायचं. संशयाचं औषध जितक्या लवकर थांबेल तितकी माणूस सुखरूप राहण्याची शक्यता जास्त. मलम देऊन तुम्हाला घरी पाठवलं असतं, तर रात्री जेवणानंतर तीच गोळी पुन्हा पोटात गेली असती. माझी काळजी ती होती. "विशेष काही निघालं नाही" हे वाचून मला तरी बरंच वाटलं.

डॉक्टरांपेक्षा जास्त कळण्याचा प्रश्नच नाही. त्या दुखण्यावर कार्बामाझेपिन हीच पहिल्या पसंतीची गोळी आहे, चिठ्ठी चोख होती. एचएलए-बी १५:०२ हा जनुकाचा प्रकार असलेल्यांना या गोळीपासून धोका जास्त असतो, हे २००४ मध्ये तैवानमधल्या रुग्णांच्या अभ्यासात दिसलं, आणि त्याची तपासणीही निघाली आहे. तरी ती निर्दोष आली म्हणजे धोका संपला असं नाही. चिठ्ठी लिहिताना डॉक्टरांना पंधरावा दिवस दिसत नसतो. आमच्यासमोर तो उभा असतो, म्हणून आम्ही विचारतो. फिटसाठी हीच गोळी घेणाऱ्यांनी मात्र हे वाचून ती परस्पर बंद करू नये, अचानक थांबवल्यास फिट येऊ शकते. पुरळ दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे, बदल ते करतील.

हॉस्पिटलच्या कागदावर कार्बामाझेपिनची रिॲक्शन असं लिहिलं असेल, तर तो कागद घेऊन एकदा या. आमच्या नोंदीत वडिलांच्या नावापुढे ते घालून ठेवतो. तुम्हीही ब्रँडचं नाव पाठ करू नका, आतल्या औषधाचं नाव लिहून त्यांच्या पाकिटात ठेवा. तेच औषध दुसऱ्या रंगाच्या स्ट्रिपमध्ये वेगळ्या नावाने मिळतं. फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन आणि ऑक्सकार्बाझेपिन रचनेने त्याच्या जवळची आहेत, ती कधी लिहून दिली गेली तर आधीची हकीगत नव्या डॉक्टरांना नक्की सांगा. उरलेल्या गोळ्या घरात ठेवू नका, इथे आणून दिल्यात तर आम्ही नष्ट करायला पाठवू. तारा वाढवायची त्यासाठी काही अट नाही.

— दुकानाचा मालक व फार्मसिस्ट