संवाद ऐकू येऊ नयेत म्हणून

घरी सिनेमा लावून दहा मिनिटं झाली आणि अजून कुणी "काय म्हणाला तो?" असं विचारलं नसेल, तर तुमच्या हॉलमध्ये काहीतरी चुकलंय. चांगल्या घरात नायक पुटपुटला की आवाज बत्तिसावर जातो. पुढच्याच दृश्यात पूल उडतो. सोफ्याच्या फटीत गेलेला रिमोट सापडेपर्यंत आवाज बत्तिसावरच राहतो, आणि मग खाडकन अकरावर येतो. दोन तासांत अशा तीस-चाळीस फेऱ्या सहज व्हायला हव्यात. पण त्या आपोआप होत नाहीत. त्यासाठी टीव्ही निवडण्यापासून कष्ट घ्यावे लागतात.

टीव्ही घ्यावा तो दुकानातला सर्वांत पातळ. चित्रावरून पाऊण तास काथ्याकूट करा, आवाजाबद्दल चकार शब्द काढू नका. बोटभर जाडीच्या पेटीत स्पीकरला हवा हलवायला जागाच नसते. म्हणून दहा-दहा वॅटचे दोन चिमुकले स्पीकर खालच्या कडेला बसवलेले असतात, तोंड जमिनीकडे करून. हा टीव्ही भिंतीवर हात पोचेल तितका वर ठोकून घ्या. म्हणजे पात्रं तुमच्याशी बोलतील, पण नापास झालेल्या मुलासारखी, फरशीकडे बघत.

आणि फरशी तयारच असते. पुण्यात कोथरूडपासून खराडीपर्यंत कुठल्याही नव्या सोसायटीतला हॉल बघा. खाली गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स, वर पीओपी, एका बाजूला बाल्कनीचं काचेचं सरकतं दार, समोर कोरी भिंत. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे "टर्रन्" असं शेपूट ऐकू आलं की खोली पास. बोलण्यातला जोर स्वरांत असतो आणि अर्थ बराचसा व्यंजनांत. त, क, स, फ हे मुळातच क्षीण, क्षणभराचे आवाज. त्यांची ओळख पटवणारा भाग साधारण २,००० हर्ट्झच्या वर असतो. आधीच्या 'आ'चा घुमारा टाइलवरून, काचेवरून परत येतो तो नेमका पुढच्या व्यंजनावर येऊन बसतो. रहस्यपटात खून 'काका'ने केला की 'बाबा'ने, हा प्रश्न शेवटी दोन व्यंजनांचा असतो. तुमच्या हॉलमध्ये फक्त "आ-आ" पोचतं.

सोफा आणि टीव्हीच्या मधल्या फरशीवर सतरंजी पडली किंवा काचेच्या दाराला जाड, चुण्यांचा पडदा लागला, तर ही मेहनत वाया जाते. पुस्तकांनी भरलेलं उघडं कपाटही घातकच. गोधड्या माळ्यावर ठेवा, पुस्तकं बेडरूममध्ये.

मग पंखा पाचवर करा. पंखा, रस्त्यावरचे हॉर्न आणि स्वयंपाकघरातली चिमणी मिळून हॉलमध्ये पन्नास डेसिबलच्या आसपासची एक गादी अंथरतात. तिच्याखाली जे काही असेल ते गेलंच. नदीपात्राजवळ राहत असाल तर गणपतीच्या आधीचे दोन महिने ढोलपथकांचा संध्याकाळचा सराव ही गादी फुकटात आणखी उंच करून देतो. कुकरची शिट्टी मात्र तुम्हालाच जुळवून आणावी लागेल.

आता मूळ मुद्दा. सिनेमाचं मिक्सिंग, म्हणजे संवाद, संगीत आणि इतर आवाजांची जुळणी, होतं ते थिएटरसाठी. तिथे प्रत्येक मुख्य स्पीकरची पातळी ठरावीक चाचणी-आवाजावर ८५ डेसिबलला लावलेली असते. त्यामुळे एक स्पीकर कमाल १०५ पर्यंत जाऊ शकतो आणि सबवूफरची, म्हणजे खर्जाच्या स्पीकरची, वाहिनी ११५ पर्यंत. खोली शांत असते, भिंती मऊ असतात, कुजबुज शेवटच्या रांगेतही कळते. तोच आवाज तुम्ही दहा बाय सोळाच्या हॉलमध्ये आणता. शेजारधर्म म्हणून सगळं २५ डेसिबलने खाली घेतलं, तर स्फोट येतो ८० वर, म्हणजे मिक्सरवर वाटण काढल्याइतका. पण कुजबुजही त्याच २५ ने खाली सरकते आणि पंख्याच्या गादीखाली गाडली जाते. कुजबुज वर काढायला आवाज वाढवावा, तर स्फोट पुन्हा शंभरीकडे. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबलची, असं २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम सांगतात. म्हणजे रात्री कायद्याने चालायचं तर सिनेमा पंख्यापेक्षा हळू चालवावा लागेल. या तिढ्यातून वाट काढायला यंत्रात सोय दिलेली आहे. ती सापडू नये एवढीच काळजी घ्यायची.

ॲपमध्ये ऑडिओची यादी उघडली की '५.१' लिहिलेला पर्याय दिसतो, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर. टीव्हीला दोनच स्पीकर असताना डोळे झाकून तोच निवडा. ५.१ मध्ये संवाद बहुतेक सगळे मधल्या स्पीकरसाठी राखलेले असतात. तुमच्याकडे मधला स्पीकरच नाही. मग यंत्र त्यांची वाटणी करतं: संवाद ३ डेसिबलने घटवून डावीकडे-उजवीकडे सारखे, मागच्या दोन स्पीकरांतला पाऊस, गर्दी आणि व्हायोलिन तसेच घटवून त्याच दोघांत, आणि सबवूफरची वाहिनी बहुधा कचऱ्यात. एवढा ऐवज दोघांत मावेना म्हणून एकूण पातळी आणखी खाली. ज्या संवादांना स्वतःची खोली होती ते आता चाळीतल्या सार्वजनिक नळावर उभे. त्याच यादीत त्याच भाषेचं नाव आकड्याशिवाय लिहिलेलं असतं. तो दोन स्पीकरांचा ट्रॅक. तिकडे बघूही नका. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुटला 'पीसीएम' (टीव्हीनेच उलगडून दिलेला साधा आवाज), 'ऑटो' आणि 'पास थ्रू' (आला तसा पुढे) असे पर्याय असतात. ते फक्त बघून परत यावं.

जुने सिनेमे लावू नका, ही वेगळी सूचना. फिल्मच्या कडेवरच्या एकेरी ऑप्टिकल ध्वनिपट्टीत कुजबुज आणि आरोळी यांच्यात फार अंतर ठेवताच येत नसे. ठेवलं तर कुजबुज पट्टीच्या खरखरीत बुडायची. त्यात संवाद बहुधा नंतर स्टुडिओत माइकसमोर उभं राहून म्हटलेले. परिणामी पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा सिनेमा आजच्या दहा वॅटच्या स्पीकरवर अक्षर न् अक्षर ऐकू येतो. फार लाजिरवाणं वाटतं ते. १९९२ साली डॉल्बी डिजिटल ही ध्वनिपद्धत आल्यावर हे अंतर मोकळं सुटलं, आणि प्रत्यक्ष चित्रीकरणाच्या वेळीच आवाज टिपायची पद्धत रुळल्यावर नटांना नैसर्गिक पुटपुटायची मुभा मिळाली. १९३३ साली कोल्हापूरहून आलेल्या प्रभातच्या आवारात, लॉ कॉलेज रोडवर, १९६० पासून चित्रपट संस्था आहे आणि तिथे ध्वनी हा विषय रीतसर शिकवला जातो. तिथून शिकलेला कुणी महिनाभर राबून पावसाचे थर लावतो, ते या शहरातच फरशीकडे तोंड केलेल्या स्पीकरवर ऐकले जावेत, यात औचित्य आहे.

ॲप बदलण्याची संधी दवडू नका. सरासरी आवाज डिजिटल कमाल मर्यादेच्या किती डेसिबल खाली, हे उणे आकड्यांत मोजतात. यूट्यूब सुमारे उणे १४ च्या पातळीला धरून चालतं. नेटफ्लिक्स निर्मात्यांकडून संवादांची सरासरी उणे २७ मागतं. मधलं अंतर १३. दहा डेसिबलने आवाज कानाला साधारण दुप्पट वाटतो, तेव्हा हिशेब तुम्हीच करा. आधी सिनेमा लावून आवाज चाळिसावर न्या, मध्यंतरात पुरणपोळीची कृती बघायला यूट्यूबवर जा. पोळी फुगेल न फुगेल, घरातली मांजर नक्की फुगेल. जाहिरातींचा प्रकार जरा निराळा. त्यांत बारीकमोठा फरकच ठेवलेला नसतो, सगळं एकाच चढ्या पट्टीत दाबून भरलेलं. शिखराची उंची सिनेमाइतकीच, पण सिनेमा शिखरावर कधीतरी जातो आणि जाहिरात तिथेच बिऱ्हाड करते. युरोपने २०१० मध्ये टीव्हीसाठी उणे २३ ही सरासरी ठरवली, अमेरिकेत जाहिरातींच्या आवाजाचा कायदा २०१२ च्या डिसेंबरपासून लागू झाला. त्यांना हौस नाही.

एवढं करूनही समाधान होत नसेल तर साउंडबार आणा. खोक्यावरचे वॅट मोठ्याने वाचा, '२.१' मधला पहिला आकडा मनातही वाचू नका. ३.१ घेतलात तर मधला स्पीकर येतो, त्याची पातळी बहुधा रिमोटवरून वेगळी चढवता येते, आणि ती दोन-तीन डेसिबलने चढवली की सगळा खेळ खलास. बार टीव्ही युनिटच्या खणात आत ढकलून पुढे फोटोफ्रेम आणि शाळेतल्या ट्रॉफ्या मांडाव्यात. सबवूफरचा ठोका पडला की त्या थरथरतात, छान दिसतं. सबवूफरची जागा कोपऱ्यात. दोन भिंती आणि जमीन मिळून त्याचा खर्ज फुगवतात. सोफा मागच्या भिंतीला चिकटवलात तर ऐकणाऱ्याच्या डोक्यापाशी तोच खर्ज आणखी जमतो. खालच्या मजल्यावर स्लॅबमधून फक्त "धब्ब धब्ब" पोचतं, म्हणजे संवाद तुम्हालाही नाहीत आणि त्यांनाही नाहीत. सबवूफरखाली जाड फोम किंवा रबराचा तुकडा घालणं आणि त्याला कोपऱ्यातून दोन फूट बाहेर ओढणं हे भित्र्या लोकांचे उद्योग आहेत.

बार टीव्हीला ब्लूटूथने जोडा. आवाज दोनच वाहिन्यांचा जाईल आणि ओठांच्या थोडा मागून येईल. एआरसी लिहिलेल्या खाचेत एचडीएमआय केबल घालायचीच वेळ आली, तर विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत जाऊन सोन्याचा मुलामा दिलेली शोधा. आकड्यांच्या स्वरूपात जाणारा आवाज सोन्यामुळे स्पष्ट होत नाही, पण खर्च केल्याचं समाधान स्पष्ट असतं.

मेनूतल्या काही शब्दांपासून सावध राहा: 'नाइट मोड', 'डीआरसी', 'ऑटो व्हॉल्यूम', 'क्लिअर व्हॉइस'. पहिले तीन मोठा आवाज दाबतात आणि बारीक वर उचलतात, चौथा बोलण्याची पट्टी पुढे आणतो. यातलं एकच चालू केलं तर रिमोट तासभर टेबलावर पडून राहण्याचा धोका आहे. चालू करायचेच असतील तर दोन एकदम करा, टीव्हीतला ऑटो व्हॉल्यूम आणि बारचा नाइट मोड. मग दोघे एकमेकांना दुरुस्त करत बसतात: पात्र गप्प झालं की मागची सरसर फुगत वर येते, बोलायला लागलं की धपकन खाली जाते. सिनेमाला दमा झाल्यासारखं वाटतं. टीव्हीचा आवाज घेऊन स्पीकरांना वाटणाऱ्या काही रिसिव्हरांत तर गंमत अशी की टीव्हीने आवाज आधीच पीसीएम करून पाठवला, की डॉल्बीचा नाइट मोड दिसतो पण काम करत नाही. बटण दाबल्याचा आनंद तेवढा मिळतो.

लॅपटॉपवर व्हीएलसी वापरत असाल तर आवाजाची पट्टी शंभराच्या पुढे ओढा. कुजबुज वाढेल, आणि जिथे मुळातच जागा नव्हती तिथले स्फोट माथा छाटल्यासारखे फाटतील. 'इफेक्ट्स अँड फिल्टर्स' मध्ये कॉम्प्रेसर नावाची खिडकी आहे. तिथे थ्रेशोल्ड उणे २५ च्या आसपास आणून, रेशो ४ ठेवून, मेकअप गेन थोडा चढवला की कुजबुज आणि स्फोट शेजारी बसतात. अशा ठिकाणी जायचं नसतं.

घरात आबा असतील तर त्यांना खास वागणूक द्या. वयाबरोबर कान आधी वरच्या पट्टीचे आवाज गमावतात, म्हणजे नेमकी ती व्यंजनं. त्यांना आवाज येतो, शब्द येत नाहीत. तेव्हा "आबा, लक्ष कुठंय तुमचं?" असं म्हणून आवाज चाळीसवर न्या. स्वर आणखी मोठे होतील, त आणि क होते तिथेच राहतील, आणि खालच्या मजल्यावरून सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडलेली बाहुली येईल.

शेवटचा मार्ग सबटायटलचा. पुण्यात बसून मराठी सिनेमा इंग्रजी अक्षरांत वाचायला लाज वाटत नाही अशी सवय दोन आठवड्यांत लागते. नायिका खुन्याचं नाव सांगायला तोंड उघडते, त्याच्या आधीच खाली 'अंकल' छापून येतं. आता हा काका, मामा, आत्याचे यजमान की तळमजल्यावरचे भाडेकरू? सगळे एकमेकांकडे बघतात. दहा सेकंद मागे घ्या, पंखा दोनवर आणायचं कुणी सुचवलं तर दुर्लक्ष करा, आणि आवाज बत्तिसावर न्या. पुढे पूल आहे.