चीन झोपलेला नव्हता : फिरत्या संदेशाबाबत खुलासा

‘१८६८ नंतर जपानने आधुनिकतेची कास धरली, चीन मात्र जुन्याला कवटाळून बसला, त्याने धावती रेल्वेसुद्धा उखडून टाकली’, अशा आशयाचा संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरत आहे. रेल्वेची गोष्ट खरी, पण अर्धवट आहे. शांघाय ते वुसुंग हा मार्ग एका ब्रिटिश कंपनीने १८७६ मध्ये परवानगी न घेताच सुरू केला होता. चिनी सरकारने तो पैसे मोजून विकत घेतला आणि १८७७ मध्ये काढून टाकला.

चीन स्वस्थ बसला होता, हे तर नोंदींशी मुळीच जुळत नाही. शांघायचा जियांगनान शस्त्रकारखाना १८६५ चा, फुजौची जहाजगोदी १८६६ ची, म्हणजे दोन्ही जपानमध्ये १८६८ मध्ये सुरू झालेल्या मेइजी सम्राटाच्या आधुनिकीकरणवादी राजवटीच्या आधीच्या. १८७२ पासून १२० मुले शिक्षणासाठी अमेरिकेला पाठवली गेली (१८८१ मध्ये त्यांना परत बोलावले, हेही खरे), आणि ‘डिंगयुआन’ ही चिलखती युद्धनौका जर्मनीत बांधून घेतली गेली.

फरक होता तो राज्ययंत्रणेत. जपानने १८७१ मध्ये सरंजामी संस्थाने मोडली आणि १८७३ मध्ये रोख जमीनमहसूल व सक्तीची लष्करभरती आणून सत्ता व पैसा केंद्राच्या हाती दिला. चीनमध्ये कारखाने आणि आरमारे ली होंगझांग यांच्यासारख्या प्रांताधिकाऱ्यांच्या आधारावर उभी होती, त्यामुळे १८९४ च्या चीन-जपान युद्धात चीनच्या बाजूने ली यांचे उत्तरेचे आरमार जवळजवळ एकटेच लढले.

तरी हा संदेश कृपया पुढे पाठवू नये, आणि ज्या गटांत तो आधीच गेला असेल तिथे ही माहिती द्यावी.